सहाशे बारा डॉलर

वाचनालयाच्या तळघरात, बॉयलरला लागून असलेल्या खोलीत
आम्ही पाच जण.
टेबलावर एकोणीस अर्ज, कॉफीचा थर्मास,
लेम्पीनं भाजून आणलेला वेलचीचा पाव.
बाहेर सरोवर काठाकडून गोठत चाललंय,
दुधावर साय धरावी तसं.

वाटायचेत एकतीस हजार.
मागितलेत एक लाख चाळीस.

पैसे आर्व्हिड कांगासचे. हार्डवेअरचं दुकान होतं त्याचं.
खिळे वजनावर विकायचा,
काटा जरा झुकला की एक खिळा परत काढून घ्यायचा.
गेल्यावर एवढं निघालं.
मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं :
याच काउंटीत खर्चा, आणि कुठल्या पाटीवर माझं नाव नको.

तर अन्नपेढीला फ्रीझर हवाय.
शाळेला सहा क्लॅरिनेट.
अग्निशामक दलाच्या पोरांना बर्फावरून ओढायची होडी,
कारण गेल्या मार्चमध्ये दोन मासेमार
(वाक्य त्यांनी तिथंच सोडलंय).
ओजिब्वे भाषेच्या वर्गाला खोलीचं भाडं :
अस्खलित बोलणारे तिघंच उरलेत,
त्यातल्या एकाला आता ऐकू येत नाही.
कलादालनाचा अर्ज पंचवीस पानी, रंगीत आलेखांसकट.

गरजेला दहापैकी गुण द्यायचे असतात.
तीस वर्षं मी शाळेचे हिशेब लिहिले,
पण कुणाच्या गरजेला साडेसहा देताना
अजून पेन्सिल अडते.

चौदावा अर्ज हातानं लिहिलेला.
हिल्या सारेला, वय एकाहत्तर.
गावातल्या लोकांना डायलिसिसला नेते, नव्वद मैल.
चार हिवाळी टायर. सहाशे बारा डॉलर.
ताकाला आली ती भांडं पुढं करूनच.
प्रश्न सातवा : कामाचा परिणाम कसा मोजाल?
उत्तर : "नेते तेवढ्यांना परत आणते."

संस्थेचा नोंदणी क्रमांक : "मी एकटीच आहे."

वॉल्टर म्हणाला, नोंदणी नाही तर अनुदान नाही.
बँकेत होता तो. दोन वर्षांपूर्वी
छपरासाठी पैसे नेलेला माणूस
छपराऐवजी फ्लोरिडात सापडला, तेव्हापासून
वॉल्टर नियमपुस्तिका उशाशी घेऊन झोपतो.
आणि तो चुकत नाहीये, हीच तर पंचाईत.

तेवढ्यात टाउनो उठला.
"मला बाहेर थांबायला हवं.
मंगळवारी आणि शनिवारी तिच्या गाडीत
मागच्या सीटवर असते ती ऐली. माझी ऐली."
आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.
पाव अर्धा ठेवून तो बॉयलरपाशी जाऊन उभा राहिला.
मी इतिवृत्तात लिहिलं :
टाउनो निएमेला, हितसंबंध, पाच चाळीसला बाहेर.

लेम्पीनं पाद्रीबुवांना फोन लावला.
चर्चच्या नावावर पैसे घ्याल का, तिच्यासाठी?
ते शिडीवर होते, दिवे लावत.
किती, हेही न विचारता हो म्हणाले.
वॉल्टरनं पुस्तिका चाळली, कलम सापडलं,
आणि हात वर केला, जरा रागानंच.
चार विरुद्ध शून्य.

सहाशे बारा कुठून तरी यायचेच होते.
सहा क्लॅरिनेटांची पाच झाली.
कलादालनाला काहीच नाही.
"कळवण्यास खेद वाटतो" हे छापील असतं,
त्याखाली मी हातानं एक ओळ लिहिते.
शाळेच्या पत्राखाली काय लिहावं, सुचलं नाही.
सही केली.

पुढच्या डिसेंबरात हिल्याचा अहवाल आला,
टायरच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर :
"फेऱ्या एकशे चार.
एकदाही घसरले नाही.
माणसं पाच होती, आता चार.
ते रस्त्यावर झालं नाही.
यंदा फक्त वायपर हवेत."

मी वाचून संपवलं, आणि सवयीनं
टाउनोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.
तो खुर्चीतच होता.
बॉयलर घरघरत राहिला.
मी घड्याळ बघून लिहिलं :
वायपर, अठ्ठेचाळीस डॉलर.
पाच विरुद्ध शून्य.